गीझरचा स्मार्ट प्लग नेमका पहाटेच ऑफलाइन का जातो?

माहेर_निफाड | १४ डिसेंबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मखमलाबाद रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. दिवाळीत घरात चार स्मार्ट वस्तू आल्या. हॉलमध्ये दोन बल्ब, दाराबाहेर कॅमेरा आणि बाथरूमच्या गीझरला एक प्लग. प्लगचं काम एवढंच की पाच वाजता गीझर चालू करायचा आणि साडेपाचला बंद. सासरे (आम्ही अण्णा म्हणतो) साडेपाचला आंघोळीला जातात, आणि त्यात पाच मिनिटं मागेपुढे झालेली त्यांना चालत नाहीत.

तर हा प्लग आठवड्यातून दोन-तीन दिवस पहाटे रुसलेला असतो. ॲपमध्ये 'ऑफलाइन', वरचा दिवा लुकलुकतोय. बाकीचे दिवस शहाण्यासारखा चालतो. गंमत म्हणजे तो रुसलेला असतो तेव्हाही फोन, टीव्ही, बल्ब, कॅमेरा सगळं ठणठणीत. परवा अण्णांनी डिसेंबरच्या थंडीत गार पाण्याने आंघोळ केली आणि नऊ वाजेपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

प्लान १०० एमबीपीएसचा आहे. इंटरनेटवाल्याला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, २०० चा घ्या." घेऊ का?

बंबवाला | रात्री ९.५८

आमच्या वाड्यात आजोबांनी घेतलेला तांब्याचा बंब आहे. आजवर एकदाही ऑफलाइन गेलेला नाही. वर्षातून एकदा चिंच लावून अपडेट करतो.

गोदाघाट | रात्री १०.०१

चिंच अपडेट! हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

डेसिबल | रात्री १०.२०

ताई, २०० अजिबात घेऊ नका. 'चालू हो' एवढा निरोप प्लगला द्यायला चिमूटभर डेटा लागतो. १०० चे २०० केल्याने फरक पडेल तो इंटरनेटवाल्याच्या घरी.

आता मुद्द्याचं. स्वस्त प्लग-बल्बमध्ये ईएसपी८२६६ किंवा तसलीच चिप असते. वायफायचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. तिला फक्त २.४ कळतं, ५ तिच्या गावीही नसतं. हल्लीचे राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने दाखवतात आणि कोणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. फोनला ते सोसतं, प्लग गोंधळतो. राउटरच्या पानावर जा (पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१) आणि ५ चं नाव वेगळं करा. २.४ चं नाव-पासवर्ड आहे तोच ठेवा, म्हणजे बल्ब आणि कॅमेरा पुन्हा जोडत बसावं लागणार नाही. सिक्युरिटीत नुसतं डब्ल्यूपीए३ (वायफायच्या कुलुपाची नवी जात) असेल तर डब्ल्यूपीए२ करा, जुन्या चिपना ३ झेपत नाही.

राउटर कुठे ठेवलाय?

माहेर_निफाड | रात्री १०.३१

टीव्हीच्या मागे, युनिटच्या कप्प्यात. वायरी दिसू नयेत म्हणून.

डेसिबल | रात्री १०.३३

वाटलंच. टीव्हीच्या मागे म्हणजे पत्र्याच्या मागे. काढा बाहेर आणि उंचावर ठेवा. वायरी दिसल्या तर दिसल्या.

कशाला_हवंय | रात्री १०.४०

एक बाळबोध प्रश्न. गीझरला बटण असतं. ते दाबायला काय होतं?

माहेर_निफाड | रात्री १०.४४

@कशाला_हवंय, पाच वाजता उठून दाबायला कोणीतरी लागतं. ते 'कोणीतरी' आजवर मी होते.

गोदाघाट | रात्री १०.४५

एक घाव दोन तुकडे.

सातपूर_वायरमन | १५ डिसेंबर, सकाळी ७.१५

वायफायचं सगळे सांगतील, मी आधी वेगळं विचारतो. प्लग किती अँपिअरचा आहे? गीझर किती वॅटचा?

२ किलोवॅटचा गीझर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो. ३ किलोवॅटचा असेल तर १३. बाजारात १० अँपिअरचे स्मार्ट प्लग ढिगाने मिळतात, त्यांची मजल हिशेबाने २३०० वॅटपर्यंत. म्हणजे २ किलोवॅटचा गीझर कागदावर बसतो, पण रोज अर्धा तास जवळपास पूर्ण लोडवर. गेल्या महिन्यात इंदिरानगरला एका घरी बोलावलं होतं, तक्रार हीच, 'प्लग मधूनमधून बंद पडतो'. प्लग काढला तर एक पिन तपकिरी झालेली, सॉकेटचं भोक वितळून अंडाकृती, आणि बाथरूमबाहेर माशाचा वास. त्या घरी मासे आणत नाहीत. जळक्या प्लास्टिकचा वास होता तो.

गीझरला १६ अँपिअरचाच प्लग, तोही बाथरूमच्या बाहेर. आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) आहे का बघा. नसेल तर प्लगच्या आधी ती.

माहेर_निफाड | सकाळी ८.०२

दादा, वाचून धावत जाऊन बघितलं. प्लग १६ चा, गीझर २ किलोवॅटचा, बोर्ड पॅसेजमध्ये. पिन स्वच्छ. आरसीसीबी आहे, टेस्टचं बटण दाबल्यावर सगळ्या घराची लाईट गेली आणि अण्णा ओरडले. म्हणजे चालू आहे.

सातपूर_वायरमन | सकाळी ८.०५

दोन्ही चालू आहेत.

दिंडोरीचा_मळा | सकाळी ९.३०

आमच्याकडे मळ्यात सिमवर चालणारा राउटर आणि दोन कॅमेरे. कॅमेरे सारखे जायचे. रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारा डबा) लावला, सुधारले. ताई, पॅसेजमध्ये एक रिपीटर लावा, काम फत्ते.

डेसिबल | सकाळी ९.५०

असहमत. मळ्यात अंतर आहे, तिथे ठीक. फ्लॅटमध्ये रिपीटर म्हणजे घरात आणखी एक रुसणारं माणूस. मूळ राउटर बंद-चालू झाला की रिपीटर वेगळा रुसतो आणि प्लग त्याच्याकडे तोंड करून बसून राहतो. घर मोठं असेल तर मेश (मिळून एकच वायफाय देणारे डबे) घ्या, आणि त्याचे दोन डबे शक्यतो केबलने जोडा.

दिंडोरीचा_मळा | सकाळी १०.१०

माझा रिपीटर दोन वर्षं रुसलेला नाही. पण तुमचं ज्ञान मोठं, राहू द्या.

बंबवाला | सकाळी ११.००

केबलला +१. जुन्या नाशकात आमच्या भिंती दीड हात जाड, दगड-मातीच्या. माडीवरचा राउटर ओसरीवर पोचेना. मुलाने मेशचे तीन डबे आणले, ते एकमेकांनाच शोधत बसायचे. शेवटी जुन्या टेलिफोनच्या वायरीच्या भोकातून कॅट-६ केबल खाली उतरवली. हजारभर रुपयांत काम. (होय, बंबवाल्याकडे वायफाय आहे. बंब वेगळा, संसार वेगळा.)

पळसेकर | दुपारी १२.१५

सकाळी मायक्रोवेव्ह लावता का? तोही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. आमच्याकडे दूध गरम करायला लावला की हॉलमधलं गाणं अडकायचं.

माहेर_निफाड | दुपारी १.४०

पहाटे पाचला मायक्रोवेव्ह कोण लावणार!

काल रात्रीच राउटर युनिटच्या वर काढला, ५ चं नाव वेगळं केलं, डब्ल्यूपीए२ केलं. फोनवर वायफाय ॲनालायझर टाकून प्लगपाशी मोजलं, सिग्नल आधी उणे ७६ होता, आता उणे ६४ (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). एवढं करून आज पहाटे प्लग पुन्हा गायब!!

डेसिबल | दुपारी १.५५

उणे ६४ म्हणजे प्लगला पुरून उरेल. रेंजचा प्रश्न नाही मग. रात्री राउटर बंद होतो का? लाईट जाते का?

माहेर_निफाड | दुपारी १.५८

नाही हो. रात्रभर चालूच असतो.

माहेर_निफाड | रात्री ९.१०

दुरुस्ती. चालू नसतो.

जेवताना सहज विषय निघाला. अण्णा रोज रात्री सगळे झोपले की राउटरचं बटण बंद करतात आणि पहाटे पावणेपाचला देवापाशी दिवा लावायच्या आधी चालू करतात. "रात्री कोण वापरतं? वीज फुकट जाते." हे गेली दोन वर्षं चालू आहे आणि घरात कोणालाही माहीत नव्हतं. कॅमेरा रात्रभर बंद असतो हेही आजच कळलं!

गोदाघाट | रात्री ९.१२

केस क्लोज. खुनी घरातलाच निघाला.

कशाला_हवंय | रात्री ९.२०

अण्णांना माझा नमस्कार कळवा.

डेसिबल | रात्री ९.४०

अण्णांना सांगा, राउटर १० वॅटच्या आसपास घेतो. रात्रीचे सहा तास म्हणजे महिन्याला दोन युनिटही होत नाहीत. गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो.

आता समजलं असं वाटतंय. राउटर चालू झाल्यावर फायबर पकडून नेट यायला दोन-तीन मिनिटं जातात. काही प्लग वेळापत्रक स्वतःच्या पोटात ठेवतात, काही कंपनीच्या सर्व्हरकडून हुकूम घेतात. तुमचा दुसऱ्या जातीचा असला तर पाचच्या ठोक्याला तो जागेवर नसतो. तपासायचं असेल तर पाच मिनिटांनंतरची वेळ लावून राउटर बंद करा. तरी प्लग टक् करून चालू झाला तर वेळापत्रक पोटात आहे. मात्र पोटात असलं तरी लाईट जाऊन आल्यावर बऱ्याच प्लगना घड्याळ लावून घ्यायला नेट लागतंच.

माहेर_निफाड | १६ डिसेंबर, सकाळी ६.३०

तपासलं. प्लग सर्व्हरच्या हुकुमाचा ताबेदार आहे. अण्णांनी राउटर रात्री चालू ठेवायला परवानगी दिली आहे, 'महिनाभर बघू' या अटीवर. आज गरम पाणी मिळालं.

नामजपे | सकाळी १०.२५

धागा बरोबर वेळेला आला. मी हौसेने वायफायचं नाव देवनागरीत 'गोदामाई' ठेवलंय. फोन-लॅपटॉप जोडले जातात, पण नवीन बल्बच्या ॲपमध्ये ते नाव चौकोन-चौकोन दिसतं आणि बल्ब जोडलाच जात नाही. मराठीचा द्वेष?

डेसिबल | सकाळी १०.४५

@नामजपे, द्वेष नाही, आळस. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावतं, आपलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटी धरून, तीन बाइट खातं. 'गोदामाई'त सात चिन्हं म्हणजे २१ बाइट, मावतं. शेजारच्यांसारखं 'श्री स्वामी समर्थ' ठेवायला गेलात तर ४७ होतात, मावतच नाही. पण मावलं तरी स्वस्त बल्बवाल्यांनी रोमनशिवाय दुसरी लिपी तपासलेलीच नसते. राउटरमध्ये बहुधा 'गेस्ट नेटवर्क' असतं, त्याला साधं रोमन नाव द्या आणि बल्ब त्यावर ठेवा. गोदामाई तुमच्यासाठी.

नामजपे | सकाळी ११.३०

झालं! बल्ब पाहुणा म्हणून आला. आभार.

पळसेकर | सकाळी ११.४५

पण एखाद्या मराठी माणसाने बल्ब बनवला पाहिजे राव.

बंबवाला | सकाळी ११.५०

बनवेल. आधी भागीदार शोधेल, मग भागीदाराशी भांडेल.

माहेर_निफाड | २२ डिसेंबर, सकाळी ६.१०

धागा वर काढते. चार दिवस सुरळीत. शनिवारी दुपारी तासभर लाईट गेली, आली, आणि तेव्हापासून प्लग जो मेलाय तो मेलाच. काल नाही, आज नाही. राउटर चालू, फोन चालू, बल्ब चालू. अण्णा म्हणतात, "बघा, राउटर रात्री चालू ठेवून काय मिळालं?" आता मला उत्तर नाही.

द्वारका_सर्कल | सकाळी ८.४०

राउटरवर लाल दिवा आहे का? सिंहस्थ २०२७ ला आहे, पण रस्ते आत्तापासून खणलेत. आमच्या गल्लीत महिन्यात तीनदा फायबर तुटली. जेसीबी दिसला की बायको म्हणते, सिरियल डाउनलोड करून ठेवा.

डेसिबल | सकाळी ९.०५

लाल एलओएस दिवा (फायबर तुटल्याची खूण) असता तर फोनवरचं नेटही गेलं असतं. हे वेगळं आहे.

लाईट आल्यावर प्लग दोन सेकंदांत उठतो, राउटरला दोन मिनिटं लागतात. काही प्लग तेवढ्या वेळात थकतात आणि नव्याने जोडणीच्या अवस्थेत जातात. प्लग काढून पुन्हा लावून बघा. आणि राउटरला मिनी यूपीएस (लाईट गेल्यावर त्याला चालू ठेवणारी छोटी बॅटरी) घ्या. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर जुळवा, बहुतेक १२ व्होल्ट असतात. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही त्यावरच जोडा, नाहीतर राउटर जागा आणि फायबर झोपलेली.

माहेर_निफाड | सकाळी ९.३०

तीनदा काढून लावला. उपयोग शून्य. पुन्हा जोडायला गेले तर ॲप म्हणतं, 'वायफाय सापडत नाही'. अरे, राउटर समोर दिसतोय!

रात्रपाळी | सकाळी १०.१५

अंबडला नाइट करून आलोय, झोपायच्या आधी सगळा धागा वाचला. सगळे रेंज, वेग, लाईट यावर बोलताहेत. ताई, तुम्ही ॲनालायझर टाकलाय ना? त्यात तुमच्या २.४ च्या नावासमोर चॅनेलचा (पट्ट्यातल्या गल्लीचा) आकडा असेल. किती आहे?

माहेर_निफाड | सकाळी १०.२२

१३.

रात्रपाळी | सकाळी १०.३५

सापडला चोर.

भारतात २.४ च्या पट्ट्यात १ ते १३ चॅनेल चालतात. अमेरिकेत घरगुती राउटर १ ते ११ एवढेच वापरतात. बरेच स्वस्त प्लग त्या बाजाराच्या हिशेबाने भरलेलं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) घेऊन इकडे येतात. त्यांना १२ आणि १३ ऐकूच येत नाहीत. राउटर तिथे बसला की त्या दिवशी तुमच्या प्लगपुरतं घरात वायफायच नसतं. फोन, टीव्ही, बल्ब यांना १३ कळतं, म्हणून ते ठणठणीत.

आता पहाटेचं कोडं. राउटर 'ऑटो' चॅनेलवर असणार. चालू होताना तो आजूबाजूला कान देतो आणि मोकळी जागा बघून बसतो. अण्णा रोज पहाटे त्याला नव्याने जागा निवडायला लावत होते. ज्या दिवशी १, ६, ११ मिळालं त्या दिवशी गरम पाणी, ज्या दिवशी १३ त्या दिवशी गार. अण्णांनी बटण दाबणं थांबवल्यावर तो एका चांगल्या जागी बसून राहिला, म्हणून चार दिवस सुरळीत. शनिवारी लाईट गेली, पुन्हा सोडत निघाली, १३ लागला आणि आता तो तिथेच बसलाय.

राउटरच्या पानावर २.४ मध्ये 'ऑटो' काढून १, ६, ११ पैकी ज्यावर गर्दी कमी तो आकडा घाला. हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली तर जवळपास निम्मा पट्टा तुम्ही एकट्याने अडवता, आणि शेजारी तुमचा अडवतात. झोपतो आता.

डेसिबल | सकाळी १०.४१

कडक! आठवडाभर रेंज-रेंज करत बसलो आणि चॅनेल विचारायचं सुचलं नाही. मुजरा.

गोदाघाट | सकाळी १०.४३

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझा 'अण्णा खुनी' वाला प्रतिसाद मागे घेतो. साथीदार म्हणू.

माहेर_निफाड | दुपारी १२.५०

चॅनेल ६ केला, सेव्ह केलं आणि प्लगपाशी जाऊन उभी राहिले. मिनिटभरही झालं नसेल, लुकलुकणारा दिवा स्थिर. ॲपमध्ये 'ऑनलाइन'. विश्वास बसेना म्हणून पुन्हा १३ केला, दिवा लुकलुकायला लागला. पुन्हा ६, स्थिर. मग अण्णांना बोलावून तेच दोनदा करून दाखवलं. अण्णा चष्मा वर करून म्हणाले, "म्हणजे माझा दोष नव्हता." मी म्हटलं, अर्धा होता.

आमच्या फ्लॅटमध्ये ॲनालायझरमध्ये २७ वायफाय दिसतात! त्यातल्या एकाचं नाव 'पासवर्ड मागू नये' असं आहे. बिचारा आमचा राउटर गर्दी बघून १३ वर जाऊन बसायचा, त्याचं तरी काय चुकलं?

दिंडोरीचा_मळा | दुपारी २.१०

मळ्यातला राउटर आत्ता बघितला, तोही ऑटोवर. ११ करून टाकला. इथे शेजारी फक्त द्राक्षं आहेत, तरीपण.

सातपूर_वायरमन | संध्याकाळी ७.३०

ताई, पिन महिन्यातून एकदा बघत जा. चॅनेल काहीही असो.

माहेर_निफाड | ९ जानेवारी, सकाळी ७.२०

अपडेट द्यायचा राहिला होता. मिनी यूपीएस घेतला. परवा रात्री लाईट गेली तेव्हा राउटर बंदच पडला नाही. अठरा दिवसांत प्लग एकदाही ऑफलाइन नाही. पाणी रोज गरम, मी सहाला उठते.

एकच झालंय. अण्णांच्या फोनमध्येही ॲप टाकून दिलं. आता ते रोज पाचला पाच मिनिटं कमी असताना पॅसेजमध्ये खुर्ची घेऊन बसतात आणि प्लग वेळेवर चालू होतो की नाही ते बघतात.

कशाला_हवंय | सकाळी ७.२६

तिथे बसलेलेच आहेत, तर बटण...

माहेर_निफाड | सकाळी ७.२७

गप्प बसा.